स्थिर सरकार आणि जबाबदार सरकार

निवडणूक लोकसभेची असो की विधानसभेची, ती जाहीर झाली की एक वाक्य हमखास कानावर येते. “खिचडी सरकार नको. एकदा कुणाला तरी पूर्ण बहुमत द्या, म्हणजे कारभार सुरळीत चालेल.” आम्ही बँकेत कारकुनी करतो. आमच्या काउंटरसमोर पासबुक भरून घ्यायला उभे असलेले निवृत्त शिक्षक हेच बोलतात, कर्जाचा हप्ता भरायला आलेले शेतकरीही हेच बोलतात. हे म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. रोज पडणाऱ्या सरकारकडून रस्ताही धड होत नाही, हे कुणीही मान्य करील. तथापि आपल्या समाजाने तरी हे वाक्य जसेच्या तसे उचलू नये, तपासून घ्यावे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्यासाठी बहुतेक आपल्या महाराष्ट्रातलाच अनुभव घेतला आहे. विद्यार्थी मित्रांनी सनावळीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण या विषयात सनावळीच पुष्कळ काही सांगून जाते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्या भाषणात त्यांनी या प्रश्नाला सरळ हात घातला होता. लोकशाहीतील कार्यकारी मंडळाला दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात, ते स्थिर असले पाहिजे आणि ते जबाबदारही असले पाहिजे, असे ते म्हणाले. दुर्दैवाने दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अद्याप कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. मसुदा समितीने या दोहोंतून जबाबदारीला अग्रमान दिला. बाबासाहेबांनी त्याचे कारणही सांगितले. अध्यक्षीय पद्धतीत सरकारची तपासणी ठराविक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत मतदार पाच वर्षांनी तपासणी करतात ती करतातच, शिवाय सभासद प्रश्न, ठराव, अविश्वास, तहकुबी सूचना यांच्या द्वारे रोजच्या रोज करतात. भारतासारख्या देशात ही रोजची तपासणी अधिक परिणामकारक आणि अधिक गरजेची आहे, असे त्यांचे मत होते.

आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. दोघांपैकी एक रजेवर गेला की खोळंबा होतो, गिऱ्हाईक चिडते. म्हणून दोन्ही किल्ल्या एकाच्या हाती द्याव्यात, असे मात्र कुठलीही बँक म्हणत नाही.

पुढे जाण्यापूर्वी ‘बहुमत’ या शब्दाबद्दल थोडे. आपण बहुमत म्हणतो ते जागांचे, मतांचे नव्हे. १९८४ साली राजीव गांधींच्या काँग्रेसने लोकसभेत चारशेहून अधिक जागा जिंकल्या, तेव्हाही मते निम्म्याहून थोडी कमीच होती. २०१४ साली भारतीय जनता पक्षाला २८२ जागा मिळाल्या त्या सुमारे ३१ टक्के मतांवर. इंग्लंडात २०२४ साली मजूर पक्षाने एक तृतीयांश मतांवर ६५० पैकी चारशेच्या वर जागा घेतल्या. यात गैर असे काही नाही, नियमच तसा आहे. परंतु ‘सगळ्या जनतेने कौल दिला’ असे जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा हा हिशेब मनात असावा.

आता महाराष्ट्राकडे येऊ.

महाराष्ट्रात स्थिर सरकार म्हटले की जुन्या माणसांना वसंतराव नाईक आठवतात. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते. १९७२ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. अशा स्थैर्याचा फायदा कुठे होतो, ते पाहण्यासाठी आपल्याला चाळीसगाव सोडून दूर जावे लागत नाही. गिरणा धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६९ च्या सुमारास पूर्ण झाले. आपल्या तालुक्यातल्या जामद्याच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना त्याचे पाणी मिळते. धरण हे एका अंदाजपत्रकात होणारे काम नाही. पंधरा-पंधरा वर्षे दरसाल पैसा पडावा लागतो, आणि तसा तो पडायचा तर एकच धोरण टिकावे लागते. हा स्थैर्याचा गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

रोजगार हमी योजनेची कथा मात्र इतकी सरळ नाही. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ साली हा प्रयोग झाला. पुढे सात वर्षे तो तेवढाच राहिला. १९७२ चा दुष्काळ पडला, खडी फोडायला लाखो माणसे रस्त्यावर आली, डाव्या आणि समाजवादी पक्षांनी मोर्चे काढले, मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन निघाल्या, आणि योजना राज्यभर गेली. म्हणजे २२२ आमदारांचे बहुमत होते म्हणून योजना करता आली हे खरे, पण ती करावी लागली ती समोरच्या बाकांमुळे व रस्त्यावरच्या माणसांमुळे. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. नोकरदारांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हाच कर. तो मुळात कशासाठी आला, हे आमच्या शाखेतल्या नव्या मुलांना ठाऊक नसते. योजनेचा कायदा काँग्रेस बहुमताच्या विधिमंडळाने १९७७ साली एकमताने केला. अंमलात मात्र तो २६ जानेवारी १९७९ रोजी आला. त्या दिवशी राज्यावर होते शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार, म्हणजे ज्याला तेव्हा कडबोळे म्हणून हिणवले जाई ते. एका सरकारने बी पेरले, दुसऱ्याने पीक काढले. यातले ‘स्थिर’ कोणते आणि ‘अस्थिर’ कोणते याचा त्या खडी फोडणाऱ्या बाईला काही फरक पडला नसेल. तिला हजेरीपट नियमित हवा होता.

यानंतरचे दशक तर डोळे उघडणारे आहे. १९८० साली काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या, १९८५ साली १६१. दोन्ही वेळा निर्विवाद बहुमत. आणि मुख्यमंत्री किती झाले? बॅ. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार. दहा वर्षांत सहा. कुणी न्यायालयाच्या निकालानंतर गेले, कुणी पक्षातल्या वादामुळे, कुणी दिल्लीच्या इशाऱ्यावर. सभागृहात मते मोजून मात्र एकही गेला नाही. याउलट वसंतराव नाईकांनंतर पाच वर्षांची मुदत सलग पुरी करणारे दुसरे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. २०१४ साली त्यांच्या पक्षाकडे १२२ जागा होत्या, स्वतःचे बहुमत नव्हतेच. इंग्लंडसारख्या मुरलेल्या लोकशाहीतही २०१९ साली ऐंशी जागांचे मताधिक्य मिळवलेल्या पक्षाने २०२२ या एका वर्षात तीन पंतप्रधान पाहिले. तेव्हा बहुमत म्हणजे स्थैर्य हे समीकरणच मुळात कच्चे आहे.

आता आपल्या काळजाला भिडणारा विषय घेतो, तो मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा.

पुलोद सरकारचा शपथविधी १८ जुलै १९७८ रोजी झाला आणि २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. अवघे नऊ दिवसांचे सरकार, जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेसमधून फुटलेला गट अशी त्याची बांधणी. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्यांची राखरांगोळी झाली, पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे यांचे प्राण गेले. जे सरकार ठराव करू शकले, ते त्याच ठरावासाठी मार खाणाऱ्या आपल्या माणसांना वाचवू शकले नाही, आणि ठरावाची अंमलबजावणीही त्याला जमली नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून तेव्हाच्या औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तो वाटेत अडवला गेला. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले. कमजोर सरकारची मर्यादा यातून दिसते, ती झाकण्याचे कारण नाही.

पण मग १९८० ते १९९० काय झाले? विधिमंडळाचा एकमताचा ठराव कागदावर होता. सरकारकडे १८६ जागा होत्या, पुढे १६१ होत्या. कायद्यात एक दुरुस्ती करायची होती. त्यासाठी कुणाचा पाठिंबा मागायची गरज नव्हती, कुणी पाठिंबा काढून घेईल ही भीती नव्हती. सहा मुख्यमंत्र्यांपैकी एकानेही ते केले नाही. ती वर्षे मोर्चांत, सत्याग्रहांत, तुरुंगात गेली. १९९० च्या निवडणुकीत काँग्रेसला १४१ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला चार कमी. अपक्षांना आणि पुढे शिवसेनेतून फुटून आलेल्या गटाला धरून सरकार चालले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर नाही तरी नामविस्तार झाला, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागले. निर्विवाद बहुमताच्या दहा वर्षांत जे झाले नाही, ते काठावरच्या सरकारकडून झाले. एका ठरावाला साडेपंधरा वर्षे लागली. त्या काळात शाळेत गेलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला असेल, जुन्या नावाच्या विद्यापीठाची.

याचे कारण काय असावे? आमच्या समजुतीप्रमाणे ते बाबासाहेबांनी १९४५ सालीच सांगून ठेवले आहे. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मुंबईच्या अधिवेशनातील भाषणात त्यांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत फरक केला. राजकीय बहुमत विचारांनी बनते, म्हणून ते मोडते, पुन्हा बनते, आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात जाऊ शकतो. जातीय बहुमत जन्माने ठरलेले असते, त्याचे दार बाहेरच्याला उघडत नाही. नामांतराच्या वेळी सभागृहातले बहुमत राजकीय होते. पण त्या बहुमताचे आमदार ज्या गावांतून निवडून येत, तिथले बहुमत जातीय होते. सत्तेला धोका सभागृहात नव्हता, गावात होता. मोठ्या बहुमताच्या सरकारला आपल्या मतांची गरज सर्वांत कमी असते हेही ध्यानात घ्यावे. १४१ वर अडकलेल्या पक्षाला ती गरज वाटू लागते.

दिल्लीतला एक दाखला यास जोडून पाहण्यासारखा आहे. १९५६ साली धम्मदीक्षा झाली आणि बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती थांबल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या त्या चालू केल्या. ते भक्कम बहुमताचे सरकार होते, तेव्हा याचे श्रेय बहुमताच्या बाजूला लिहिलेच पाहिजे. केंद्राच्या यादीत मात्र शीख धर्मीयांचा समावेश १९५६ साली झाला, आपला झाला नाही. त्यानंतर दिल्लीत बहुमताची सरकारे आली, ३५० जागांची आली, चारशेची आली. बौद्धांसाठी केंद्राने कायदा बदलला तो १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने. त्या सरकारला एका बाजूने भारतीय जनता पक्षाचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा बाहेरून टेकू होता आणि ते अकरा महिने टिकले. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, ७ ऑगस्टला मंडल आयोगाची घोषणा झाली. मंडलच्या नोकऱ्या प्रत्यक्षात मिळायला मात्र १९९२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि पुढचे नरसिंह रावांचे सरकार यावे लागले. अत्याचार प्रतिबंधक कायदा राजीव गांधींच्या बहुमताच्या सरकारने १९८९ साली केला आणि तो जानेवारी १९९० मध्ये लागू झाला, तेव्हा सिंह पंतप्रधान होते. पंचायत राज्याची घटनादुरुस्ती राजीव गांधींना राज्यसभेत मंजूर करून घेता आली नाही. ती डिसेंबर १९९२ मध्ये नरसिंह रावांनी केली, ज्यांच्याकडे लोकसभेतही सुरुवातीला बहुमत नव्हते. माहितीचा अधिकार २००५ साली आला तोही आघाडी सरकारच्या काळात.

यावरून दुबळी सरकारे चांगली असा निष्कर्ष कुणी काढू नये. अकरा महिन्यांत पडणाऱ्या सरकारच्या भरवशावर कुणी मुलाचे शिक्षण ठरवत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सरकारला किती जागा आहेत यापेक्षा त्याला विचारणारा कोण आहे, हा प्रश्न आधी विचारावा. आणीबाणीच्या वेळी, १९७५ साली, दिल्लीतले सरकार देशात आजवर झालेल्या अत्यंत भक्कम सरकारांपैकी होते. विचारणारे तुरुंगात होते. १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती त्या शांततेत झाली.

स्थैर्यासाठी म्हणून १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. हेतू चांगला होता. एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’, पक्षांतर नव्हे, अशी पळवाट त्यात होती. ती २००३ साली काढून टाकली. तरी महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली ती फुटलीच. नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२४ या काळात मुख्यमंत्रिपदाच्या चार शपथा झाल्या. म्हणजे सत्ता मिळवण्यासाठी फुटणे या कायद्याने थांबले नाही. थांबले ते दुसरेच. आपल्याच सरकारच्या एखाद्या वाईट विधेयकाविरुद्ध एकट्यादुकट्या आमदाराने मत द्यायचे, तर पक्षादेश मोडला म्हणून त्याची आमदारकी जाऊ शकते. रोजच्या तपासणीतला एक तपासनीस असा कमी झाला. विरोधी बाजूही रोडावत चालली आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्तारूढ आघाडीतील तीन मोठ्या पक्षांनाच २३० जागा मिळाल्या आणि विरोधातल्या एकाही पक्षाला २८८ चा दहावा हिस्सा गाठता आला नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात लोकशाही यशस्वी होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींवर भाषण केले होते. विषमता नसणे, विरोधी पक्ष असणे, कायद्यापुढे व कारभारात समता, बहुमताने अल्पमताची गळचेपी न करणे अशा गोष्टी त्यांनी त्यात सांगितल्या. स्थिर सरकार ही अट त्यांनी सांगितलेली नाही.

भिक्खू संघाच्या कारभाराचा उल्लेख बाबासाहेबांनी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात केला होता, तो आपल्याला माहीत आहे. विनयपिटकात तंटा मिटवण्याचे सात मार्ग दिले आहेत. त्यांत ‘येभुय्यसिका’ म्हणजे बहुमत हा एक मार्ग आहे. समोरासमोर बसून, जाणत्यांकडे सोपवूनही तंटा मिटत नसेल, तर शलाका वाटून मत घ्यावे. ती शलाका वाटणारा भिक्खू आवड, द्वेष, मोह आणि भय यांनी वाकणारा नसावा. मते मोजण्याआधी मोजणारा कसा हवा ते ठरले होते.

आता घराजवळचे. सर्वांत स्थिर राजवट कोणती, असे आम्हांस कुणी विचारले तर आम्ही म्हणू, नगरपालिकेतील प्रशासकाची. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या खटल्यामुळे निवडणुका लांबल्या आणि २०२२ पासून महाराष्ट्रातील बहुसंख्य पालिका व जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरात. मधल्या काळात नगरसेवक नाहीत, सभा नाही, विरोध नाही. ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. फाईल कुठे अडत नव्हती असे कुणी म्हणेल. पण वस्तीतली गटार तुंबली तर जायचे कुणाकडे, हे ज्यांनी ती वर्षे काढली त्यांना विचारावे. आणि धोरणाचे सातत्य म्हणाल, तर गिरणेवरचे सात बलून बंधारे आणि अमळनेरजवळचे पाडळसे धरण आम्ही किती निवडणुकांपासून ऐकत आहोत. त्या काळात पाच-पाच वर्षे टिकलेली सरकारेही होऊन गेली.

ग्रामपंचायतीतही हाच वाद वेगळ्या नावाने चालू आहे. सदस्यांनी सरपंच निवडायचा तर सहलीवर नेऊन सदस्य सांभाळावे लागतात, सारखे अविश्वास ठराव येतात, म्हणून २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला. २०२० साली दुसऱ्या सरकारने तो रद्द केला. २०२२ साली तिसऱ्याने पुन्हा आणला. थेट निवडलेला सरपंच स्थिर राहतो हे खरे. राखीव जागेवरून आलेल्या आपल्या एखाद्या भगिनीला उठसूट अविश्वासाच्या धाकात ठेवता येत नाही, हाही त्याचा लाभ आहे, आणि आमच्या मते मोठा लाभ आहे. परंतु मग त्या सरपंचाला विचारायचे कुणी, तर ग्रामसभेने. अंदाजपत्रक, मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा पंधरा टक्के निधी, घरकुलांची यादी, हे सारे तिथे वाचले जाते, किंवा वाचले असे लिहिले जाते. ग्रामसभेला गावातील पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसे लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्या दुसऱ्या सभेला जी दहा-बारा माणसे बसलेली असतात, त्यांच्या सह्यांनी यादी मंजूर होते.